आत्याला माहीत होतं, मी विचारलं नाही

सोलापुरात प्रत्येकाकडे असते अशी एक गोष्ट माझ्याकडे नाही, आणि त्याचा मला भलता अभिमान आहे. मला माझी जात माहीत नाही. विसरलो असं नाही, लपवतो असंही नाही. माहीतच नाही. वय सत्तावन्न, डोक्यावर निम्मे केस, तोंडात स्वतःचे अठ्ठावीस दात, आणि या एका बाबतीत जन्मलो तेव्हा जितका कोरा होतो तितकाच आजही कोरा आहे.

आमच्याकडे हा प्रश्न सरळ कोणी विचारत नाही. आधी आडनाव विचारतात. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जुनं आडनाव टाकून दिलं आणि त्यांचं नवं नावच पुढच्या पिढ्यांना आडनाव म्हणून लावलं. त्यामुळे आडनाव ऐकून माणूस चाचपडायला लागतो. मग गाव विचारतो. मग गावात घर कुठल्या अंगाला होतं ते विचारतो. भूगोलाची आवड म्हणून विचारतो असं समजू नका. सगळं फसलं की चहाची बशी खाली ठेवतो, आवाज उतरवतो आणि म्हणतो, ‘ते कळलं हो, ख्रिश्चन. पण मूळचे कोण?’

वडिलांना माहीत होतं. ते गिरणीत मागावर होते, आम्ही भवानी पेठेत दोन खोल्यांत राहायचो. आम्ही भावंडांनी लहानपणी हा प्रश्न शाळेतून घरी आणला तेव्हा वडिलांनी जेवता जेवता सांगितलं, ‘बाप्तिस्म्याच्या पाण्यात जुना माणूस बुडाला. बुडालेल्याला वर काढून त्याच्याकडं दाखला मागायचा नाही.’ आणि आईकडे आणखी आमटी मागितली. विषय संपला.

मला शाळेत घातलं तेव्हाची गंमत आईनं मला शंभरदा सांगितली आहे. कारकुनानं धर्माच्या रकान्यात ख्रिश्चन लिहिलं आणि विचारलं, ‘जात?’

‘तिथंही तेच लिहा,’ वडील म्हणाले.

‘तसं चालत नाही.’

‘मग मी बसतो. चालायला लागलं की सांगा.’

वडील रात्रपाळी करून आले होते. बाकावर बसले आणि तिथंच घोरायला लागले. शाळा सुटायची वेळ झाली, शिपाई कुलूप घेऊन उभा राहिला, वडील उठेनात. शेवटी कारकुनानं रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि त्यांना हलवून जागं केलं. ती रेघ माझ्या दाखल्यावर आजही आहे. इतकी सरळ रेघ त्या कारकुनानं आयुष्यात दुसरी मारली नसेल.

मी मात्र वडिलांइतका सरळ निघालो नाही. तीस वर्षं मी चादरींच्या दुकानात विकायला उभा आहे. गिऱ्हाईकासमोर चादर झटकून उलगडायची माझी एक पद्धत आहे. घ्यायची नसली तरी लोक बघायला थांबतात. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळच्या नाटकात बावीस वर्षं बाळ येशूच्या जिवावर उठलेला हेरोद राजा मीच करतो. दाढी लावून आरोळी ठोकली की पहिल्या रांगेतली दोन पोरं तरी रडतात. नाही रडली तर मला सणासारखं वाटत नाही.

असल्या माणसाला लोकांनी ‘मूळचे कोण’ विचारलं की काय होणार? मी प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचो. सलूनवाल्याला एक सांगितलं. चहावाल्याला दुसरं. शेजारच्या दुकानातल्या मुनीमजींना तिसरं, इतक्या गंभीर चेहऱ्यानं की त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘मला वाटलंच होतं.’ चौथा एक सूतवाला होता, त्याला सांगितलं तर त्यानं दहा मिनिटांत आमचं लांबचं नातंही शोधून काढलं. कुठल्या चार जाती सांगितल्या त्या मी इथं लिहिणार नाही. लिहिल्या की तुम्ही लगेच त्यांची वरखाली रांग लावाल. तुमचा दोष नाही, आपल्याकडची हवाच तशी आहे.

वडिलांच्या कानावर हे गेलं तेव्हा मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, ‘अरे, हा प्रश्न आपण मानतच नाही. आणि तू त्याला उत्तरं देत सुटलास. खोटं तर खोटं, पण उत्तरच की ते.’ मी मान डोलावली आणि मुळीच ऐकलं नाही.

वडील गेले. वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, नर्स झाली, आणि मंडळ्यांच्या एका युवक शिबिरात तिला बार्शीचा एक मुलगा भेटला. मुलगा पुण्यात नोकरीला, घरचे आमच्यासारखेच ख्रिस्ती, वडील निवृत्त शिक्षक. डोळे मिटून हो म्हणावं असं स्थळ. अडचण एवढीच की त्या घरात शिक्षक बोलत नसत. त्यांचे थोरले भाऊ बोलत.

ते सगळे एका शनिवारी आमच्या घरी आले. दारात आमच्या ख्रिस्ती रीतीचा सलाम झाला, प्रार्थना झाली, पोहे झाले. थोरल्यांचा शर्ट पांढरा, खिशाला दोन पेनं. मी फॉर्मात होतो. चादरी सोडून बाकी सगळं त्यांना विकत होतो. ते हसत होते. मग त्यांनी बशी खाली ठेवली.

‘मुलगी पसंत, घर पसंत, तुम्ही तर लईच पसंत,’ ते म्हणाले. ‘एकच राहिलं. मूळचे कोण आपण?’

‘माहीत नाही,’ मी म्हणालो.

या प्रश्नाला मी आयुष्यात पहिल्यांदा खरं उत्तर दिलं, आणि पहिल्यांदाच कोणी विश्वास ठेवला नाही.

‘माहीत नाही असं कसं? आम्ही चौकशी केली की. लग्नाचं काम आहे, करावीच लागते. सोलापुरात चार ठिकाणी विचारलं. चौघांनी चार सांगितल्या.’ त्यांनी चार बोटं माझ्या नाकासमोर धरली. ‘एखादा एक लपवतो, ते समजतं. चार सांगून लपवतो, म्हणजे आम्ही काय समजायचं?’

मी घाम पुसला. सलूनवाला, चहावाला, मुनीमजी आणि सूतवाला, चौघंही माझ्या बैठकीत येऊन बसल्यासारखे वाटले.

‘साहेब, आपण सगळे एकाच प्रभूचे,’ मी म्हणालो.

‘ते आहेच,’ ते म्हणाले. ‘उपासनेत आहेच. पण हे लग्न आहे.’

शिक्षक आपल्या चहाकडे बघत होते. त्यांची बायको माझ्या मुलीकडे बघत होती. थोरले उठले. ‘पुढच्या रविवारपर्यंत कळवा,’ ते म्हणाले. ‘आमचं दुसरीकडंही बघणं चालू आहे.’

दार लागल्यावर बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘घ्या, हेरोद राजे,’ ती म्हणाली. ‘रडवा आता कुणाला रडवायचं ते.’

मुलगी कप विसळत होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. वैरागला माझी आत्या राहते, वडिलांची धाकटी बहीण, वय ब्याऐंशी. तिला माहीत असणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

‘आत्याआजीला विचारायचं तर विचारा, पप्पा,’ मुलगी मागे न वळता म्हणाली. ‘पण मला सांगू नका. मला ते नको.’

‘आणि नाही विचारलं तर?’

तिनं नळ बंद केला. ‘मला तो आवडतो. तुम्हाला माहीत आहे ते.’

‘तो काय म्हणतो?’

‘म्हणतो, काकांना समजावतो. तीन महिने समजावतोय.’

बुधवारी रजा टाकून मी बार्शीच्या एसटीत बसलो. वैराग वाटेतच लागतं. आता एक कबूल करतो, कारण ते केल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. मी निघालो होतो ते विचारायलाच. आणि त्या एसटीत, तिसऱ्या सीटवर, माझ्या मनात एक नाटक चालू झालं. मी एकेका जातीचं पागोटं डोक्यावर घालून बघत होतो. हे निघालं तर? थोरले खूश होतील, पेढे येतील. ते निघालं तर? मग सांगायचं कसं? काही पागोटी मला शोभत होती, त्यांत मी ताठ बसत होतो. काही मी घालायच्या आधीच काढून टाकत होतो. सत्तावन्न वर्षं ज्याच्या डोक्यात हे नव्हतं, तो माणूस एवढ्याशा प्रवासात रांग लावायला शिकला होता, आणि छान लावत होता. बावीस वर्षं मी राजाचं सोंग केलं. इतकं वाईट सोंग कधी केलं नव्हतं.

आत्याचं घर वैरागच्या बसस्टँडच्या मागे. तिचे यजमान शिंपीकाम करायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली, पण मशीन अजून खिडकीपाशी, कापड पांघरून ठेवलेलं. आत्या सूप घेऊन ज्वारीतले खडे निवडत बसली होती.

‘आलास व्हय,’ ती म्हणाली. ‘बस हितं. पोरगी बरी हाय?’

मी सगळं सांगितलं. चार उत्तरांचंही सांगितलं. तिथं ती थोडी हसली, पण हात थांबला नाही.

‘मला म्हाईत हाय,’ ती म्हणाली. ‘आता माज्याबिगर कुणालाच म्हाईत न्हाय. सांगू?’

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

‘थांब. आदी माजं ऐक. माजं पयलं लगीन दुसरीकडं ठरलं हुतं, तुला कुटं म्हाईत असणार. माढ्याकडचं स्थळ. आपल्यातलंच, देवाच्या घरातलं. साडी घेऊन झाली हुती. मग त्येंच्यातल्या एकानं इचारलं. तुजा आजा सरळ मानूस. हाय त्ये सांगितलं. चौगं बसली हुती ती उटली. पानी ठेवलं हुतं म्होरं, त्ये सुदिक प्याली न्हाईत.’

‘ख्रिस्ती असून?’

‘रोज प्रार्थना करनारी मानसं.’ तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. ‘तुजा बाप तवा वीस-बावीस वर्साचा. मी मागच्या दारात बसले हुते. तितं आला, माज्याशेजारी बसला. मनला, बाय, माज्या पोरांस्नी मी ह्ये कळूच द्येनार न्हाय. कुनी किती बी इचारूं दे, त्येंच्याजवळ सांगायला कायच नसंल.’

मी जन्मभर समजत होतो की दाखल्यावरची ती रेघ म्हणजे वडिलांचा देवाशी झालेला करार. करार होताच. पण तो मागच्या दारात बसलेल्या बहिणीसाठी केलेला होता, आणि ते त्यांनी कधी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. मी मात्र त्या रेघेवर चार ठिकाणी गिरगोट्या काढून ठेवल्या होत्या.

‘आणि मग हे?’ मी मशीनकडे बोट दाखवलं.

‘ह्येनी इचारलंच न्हाय. पन्नासच्या वर संसार झाला. एकदा मीच मनलं, अवं, सांगू का तुमाला? तर मनले, तुजा ब्लाऊज खांद्यात उसवलाय, आदी तो काढून दे.’ ती आता मोकळी हसली. मग सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘बोल. सांगू?’

‘नको,’ मी म्हणालो.

‘बग बरं. पोरीचं लगीन हाय.’

‘नको, आत्या.’

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. ‘मग मी लुगडं बदलते. बार्शीला जाऊ.’

‘तू कशाला?’

‘तुला म्हाईत न्हाय, मला म्हाईत हाय. त्येंला म्हाईत असल्यालं मानूस पायजे की न्हाय? मग मी येते. बगू तरी, कोन इचारतंय त्ये.’

अशा तऱ्हेनं ब्याऐंशी वर्षांची माझी आत्या इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन, बार्शीच्या एसटीत माझ्याशेजारी बसली. आता माझ्या डोक्यावर एकही पागोटं नव्हतं. फार हलकं वाटत होतं. नाहीतरी केस निम्मेच आहेत.

शिक्षकांच्या घरी थोरले होतेच. आम्हाला बघून त्यांचा चेहरा फुलला. सलाम झाला. आत्याला खुर्ची दिली. मुलाची आई पाणी देऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

‘काय, लागला का पत्ता?’ थोरले म्हणाले.

मी उभा राहिलो. बसून बोलण्याचा हा प्रसंग नव्हता आणि मला बसून बोलता येतही नाही. ‘साहेब,’ मी म्हणालो, ‘सोलापुरात चार उत्तरं मीच पसरवली. चारही खोटी. त्याबद्दल मी प्रभूची माफी मागितली आहे, आता तुमची मागतो. ही माझी आत्या. खरं काय ते हिला माहीत आहे, दुसऱ्या कोणाला नाही. मी हिला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. माझ्या मुलीलाही ते नको आहे. तुम्हाला पाहिजे तर तुम्ही विचारा, ती सांगेल. मला ऐकायचं नाही, म्हणून मी बाहेर उभा राहतो.’

आणि मी बाहेर पडलो. रंगमंचावरून इतक्या झोकात मी कधी गेलो नव्हतो. फक्त चपला घालायच्या राहिल्या. भर दुपार, अंगणातली शहाबादी फरशी तव्यासारखी तापलेली, आणि झोकात बाहेर पडलेल्या माणसाला चपलांसाठी परत आत जाता येत नाही. मी पाण्याच्या टाकीच्या हातभर सावलीत आधी एक पाय टेकवत होतो, मग दुसरा. आतला आवाज काही येत नव्हता. माझ्या मुलीचं लग्न आत ठरत होतं किंवा मोडत होतं, आणि मी बाहेर बगळ्यासारखा उभा होतो. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला माझ्या वडिलांचा मुलगा असल्यासारखं वाटलं. नाटकातला नाही, खराखुरा.

बऱ्याच वेळानं थोरले बाहेर आले. पायात चपला सरकवल्या, पेनं चाचपली. ‘मला भूक नाही,’ ते म्हणाले. मला म्हणाले की टाकीला, कळलं नाही. ते फाटकातून बाजाराच्या दिशेनं निघून गेले.

पाठोपाठ मुलाची आई दारात आली. ‘अहो, आत या की. पाय भाजतील. ताटं वाढलीत.’

आत चार ताटं होती. कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याचं कालवण. आत्या आधीच पाटावर मांडी घालून बसली होती, जणू वर्षानुवर्षं इथंच जेवत होती. शिक्षकांनी डोळे मिटले आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. बाकी सगळीकडे गप्प बसणारा तो माणूस देवाशी मात्र बराच वेळ बोलला. अन्नाबद्दल आभार मानले, वाटेनं आलेल्यांबद्दल मानले, आणि मग ‘देवबापा’ म्हणून आपल्या मुलाचं नाव घेतलं, त्याला लागूनच माझ्या मुलीचं घेतलं, आणि सुनेसारखं नाही, मुलीसारखं तिला या घरात सांभाळ, असं म्हणाले. मी आमेन इतक्या मोठ्यानं म्हटलं की आत्यानं मला कोपरखळी मारली.

लग्न आमच्या मंडळीत झालं. थोरले आले नाहीत. आहेर नाही, निरोप नाही. आजही मी बार्शीला गेलो की ते नेमके बाहेर गेलेले असतात. नवरामुलगा एकदा त्यांच्या दाराशी जाऊन तासभर बसून आला, दार उघडलं नाही. हे मी लपवत नाही, कारण असल्या गोष्टी फुकट होतात असं कोणाला वाटायला नको. थोरल्यांची बायको मात्र आली. शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन दुसऱ्या रांगेत बसली, आणि गीतं म्हणताना सगळ्या मंडळीत तिचाच आवाज मोठा होता.

पण त्या बुधवारच्या परतीच्या एसटीतलं सांगायचं राहिलं. गाडी बार्शीबाहेर पडल्यावर मी आत्याला विचारलं, ‘मी बाहेर गेल्यावर आत काय झालं?’

‘काय व्हनार,’ ती म्हणाली. ‘थोरल्यानं खुर्ची म्होरं वडली. मी मनलं, इचारा. माजं लगीन मोडलं तवा बी चौगं असंच बसलं हुतं, तुमी बी बसा नीट आनि इचारा. त्येनं तोंड उगडलं. तवर धाकटा उटला. मनला, दादा, आता पुरं. आनि बायकोला मनला, ताटं घे.’

‘एवढंच?’

‘एवडंच. पर त्यो मास्तर उभ्या जल्मात पयल्यांदा थोरल्याला बोलला असंल.’

बाहेर ज्वारीची रानं मागे पळत होती. सगळं मनासारखं झालं होतं आणि माझ्यातला वात्रट माणूस पुन्हा जागा झाला होता. वैराग जवळ आलं तसा मी आत्याच्या कानाशी वाकलो.

‘आत्या, आता तर सगळं ठरलं. कोणी ऐकत नाही. हळूच सांग की.’

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

‘कशाला?’ ती म्हणाली. ‘तुला आनि कुटं लगीन करायचं हाय?’

पुढच्या सीटवरचे दोघं वळून हसले. आत्यानं खिडकीची काच सरकवली, पदर डोक्यावर घेतला आणि वाऱ्याला तोंड करून बसली.